गाळणीतला चेहरा

ईश्वरी डुबलला हल्ली कुणी हाक मारत नसे.

वाचून कुणाला वाटेल, पोरीनं कुणाशी वाकडं घेतलं असेल. छे! उलट गल्लीत तिचं कौतुकच होतं. जन्मापासून डोळ्यांत उजेड नाही, पण विसाव्या वर्षी पोरगी एकटी घराबाहेर पडते, वडापच्या सामायिक रिक्षानं दूध संघाच्या कचेरीत जाते, दिवसभर तक्रारींचे फोन घेते आणि एकटी परत येते. हातात काठीसुद्धा नाही. सगळं नाकावरच्या एका चष्म्याच्या जोरावर. त्या चष्म्याचं नाव 'सांगाती'. आणि हाका बंद झाल्या त्या या सांगातीमुळंच.

पूर्वी ती दारातून बाहेर पडली की समोरच्या पुष्पाकाकू ओरडायच्या, "ईशे, मी गं, पुष्पाकाकू! चिखल आहे, उजवीकडनं जा!" दुकानदार नाव सांगायचा, वडापवाला नाव सांगायचा. आंधळ्या माणसाला भेटलं की आधी आपलं नाव सांगावं, ही रीत साऱ्या गल्लीला पाठ होती. आता सांगाती तिच्या कानामागच्या हाडातून हळूच म्हणे, "उजवीकडे पुष्पाकाकू, हातात परडी." आणि पुष्पाकाकू काही न बोलता निघून जायच्या. यंत्र सांगतंय की सगळं, मग आपण कशाला घसा कोरडा करायचा? त्यांचंही चूक नव्हतं. पण ईश्वरीला हल्ली रस्ता दिसायचा आणि माणसं मात्र लांब गेली होती.

आता हे यंत्र काय होतं ते सांगायला हवं.

खरं तर बघण्याची अडचण कधीच संपली होती. तांदळाच्या दाण्याएवढा कॅमेरा, नखाएवढी चिप, आणि एका नजरेत चारशे वस्तू ओळखणारी बुद्धी. पण पहिली यंत्रं लोकांनी आठ दिवसांत कपाटात टाकली. का? तर ती सगळं सांगत. 'डावीकडे खांब, खांबावर कावळा, कावळ्याखाली दगड, दगडाशेजारी दुसरा दगड.' डोकं उठायचं नुसतं! डोळस माणूस काय काय बघतो यापेक्षा काय काय बघून सोडून देतो, यात त्याचं शहाणपण असतं. हे सोडून देणं यंत्राला कोण शिकवणार?

त्यातून 'सोबत केंद्र' निघालं. एक न दिसणारा आणि एक डोळस, दोघं एकाच वयाचे, यांची जोडी लावायची. दहा महिने दोघांनी मिळून हिंडायचं. बाजारात, बसमध्ये, नदीवर, लग्नात. डोळस जोडीदारानं तोंडानं सांगत राहायचं आणि चष्म्यानं ते ऐकत, समोरचं बघत राहायचं. जे सांगितलं गेलं त्याचं वजन वाढवायचं. जे पुन्हापुन्हा दिसलं पण जोडीदारानं कधीच तोंडातून काढलं नाही, त्याचं वजन कमी करत करत शून्यावर आणायचं. शून्यावर आलेली वस्तू गाळणीत गेली. ती समोर असली तरी सांगाती तिचं नाव घेणार नाही. अशी प्रत्येकाची गाळणी वेगळी, ज्याच्या त्याच्या जोडीदारासारखी.

ईश्वरीची जोडीदार होती समीक्षा येडगे. समी.

समी फार्मसीला होती. दहा महिन्यांच्या सोबतीचे तिला कॉलेजात श्रेयांक मिळणार होते. पहिल्या दिवशी ती आली, आपल्या हाताची पाठ ईश्वरीच्या हाताच्या पाठीला लावली. केंद्रात तशीच शिस्त होती. दंडाला धरून ओढायचं नाही, हाताची पाठ लावून थांबायचं, ज्याला धरायचं तो आपण होऊन कोपर धरेल. तिच्या मनगटात जाड कडं होतं, ते गार लागलं. तोंडात काहीतरी कुरुमकुरुम चाललं होतं.

"धनाडाळ," ती म्हणाली. "हवी? आणि हे बघ, मी बडबडी आहे. कंटाळलीस तर सांगायचं."

केंद्राच्या बर्गे सरांनी पहिल्याच तासाला दम भरला होता, "डोळस मंडळींनी कान उघडे ठेवून ऐका. समोर दिसतंय ते बोला. 'मला वाटतं', 'मला आवडतं', 'मी अशी, मी तशी' काही चालणार नाही. यंत्र जग शिकतंय, तुमचं आत्मचरित्र नाही." चष्मा सुरू झाल्यावर समीनं हा नियम एकदाही मोडला नाही. पण जगाबद्दल काय बोलायची पोरगी!

"समोर एक काका पोहायला उतरलेत. टॉवेल गुंडाळलाय, चष्मा तसाच नाकावर. आता पाण्यात काय पेपर वाचणार काय की! पलीकडं एक कुत्रं, शेपटी अर्धीच आहे, पण हलवतंय असं की पुरी आहे. डावीकडं दोन बायका, एकीच्या पायात नव्या चपला, ती सारखी खाली बघतीय."

कृष्णा-कोयनेच्या संगमावर घाटाच्या पायऱ्या उतरल्या की चिंचेखाली दगडी बाक होतं. दर शनिवारी संध्याकाळी दोघी तिथं बसत. समी सांगे, ईश्वरी हसून हसून पोट धरी. शेपट्या, चपला, लोकांच्या पिशव्या, कोण कुणाकडं चोरून बघतंय, सगळं समी टिपायची. ईश्वरीच्या आयुष्यात इतकी गर्दी कधीच नव्हती.

दहा महिने संपले. केंद्राच्या सभागृहात समारंभ झाला. सांगाती आता एकट्यानं बोलणार होता. ईश्वरीला माईकपाशी बोलावलं. छाती धडधडत होती, आणि धडधडत्या छातीनं माणूस बोलतो तसं ती बोलून गेली, "आजपासून मला कुणाचाही हात धरावा लागणार नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आई पदर डोळ्याला लावून रडली. कार्यक्रम संपल्यावर आई रिक्षा बघायला पुढं गेली आणि ईश्वरी दाराशी थांबली. आता समी येईल, हाताची पाठ लावेल, 'लई शहाणी झालीस' म्हणेल. माणसं जात होती, सांगाती एकेकाचं नाव घेत होता. बर्गे सर. पुष्पाकाकू. सभागृहाचे शिपाई. समीचं नाव काही आलं नाही. सभागृह रिकामं झालं. तिनं विचारलं, "समोर कोण आहे?"

"समोर कुणी नाही," सांगाती म्हणाला.

त्या संध्याकाळी ईश्वरी न जेवता झोपली. समीला फोन करावा असं दहादा मनात आलं. पण मग दुसरं मन म्हणे, श्रेयांक मिळाले, कागद हातात पडला, काम झालं. गरज सरो नि वैद्य मरो. मी का फोन करू? तिला नको असेन तर मलाही नको. इथं हेही सांगायला हवं, की मानी असण्यात दोघी एकाच माळेचे मणी होत्या. तिकडूनही फोन आला नाही.

मग सहा महिने गेले.

सांगाती उत्तम चालत होता. दुःख तेच होतं. रस्त्यानं जाताना तो म्हणे, "डावीकडे कुत्रा, कान फाटका." "समोरच्या माणसाच्या चपला दोन वेगवेगळ्या." आवाज यंत्राचा, सपाट, पण बघणं समीचं. समी जे टिपायची नेमकं तेच तो टिपायचा. ईश्वरी हसायला तोंड उघडायची आणि शेजारी हसायला कुणी नसायचं. कचेरीत ती दिवसभर लोकांशी बोले. 'काका, फॅट कमी लागली म्हणून म्हशीला मारू नका' असं म्हणून त्यांना हसवी. फोन ठेवला की शांत. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या मुली आपापले डबे उघडायच्या. त्यांच्यातली एकही तिला 'इकडं ये' म्हणत नसे, कारण तिला दिसतंय की कुठं बसलोय आपण! ती उठून त्यांच्यात जाऊन बसू शकत होती. पण न बोलावता किती वेळा जाणार माणूस?

शनिवारी मात्र ती घाटावर जाई. एकटीच. चिंचेखालच्या बाकावर बसे आणि सांगातीचं ऐके. नदीवर पोरांचा कालवा, भेळवाल्याची घंटा, पायऱ्यांवर धुणं आपटल्याचा आवाज. त्यात कुणाची पावलं वेगळी ऐकू यावीत अशी सोयच नव्हती.

एकदा, साधारण महिन्याभरापूर्वी, तिला एकदम धनाडाळीचा वास आला. भाजलेला, खारट. अगदी समोरून.

"समोर कोण आहे?" तिनं पुटपुटत विचारलं.

"समोर कुणी नाही."

तिनं पुन्हा श्वास घेतला. वास होता. नाक म्हणत होतं आहे, यंत्र म्हणत होतं नाही. वीस वर्षं जिनं नाकाकानांच्या भरवशावर दिवस काढले, त्या पोरीनं नाकाला खोटं ठरवलं. भेळवाल्याकडचा वास असेल, म्हणाली. आपल्यालाच भास होतात, म्हणाली. आणि वेड्यासारखं वाट बघणाऱ्या स्वतःचा तिला इतका राग आला की तिनं तोंड नदीकडं फिरवलं.

पुढच्या शनिवारी ती घाटावर गेली नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

एका शुक्रवारी तिला केंद्रातून बोलावणं आलं. सहा महिने झाले की सांगाती तपासून घ्यावा लागे. तपासणारा फिरोज मुजावर जुना माणूस, सगळी पोरं त्याला फिरोजदादा म्हणत. त्यानं चष्मा काढून घेतला, वायर लावली.

"झकास चाललाय की. गाळणीची यादी वाचून दाखवू का? कुणाकुणाला एखादी वस्तू परत चालू करून हवी असते. मागं एकाला चिमण्या हव्या होत्या. त्याच्या जोडीदारानं कधी सांगितल्याच नव्हत्या."

"वाच," ईश्वरी म्हणाली. तिला काहीच नको होतं. पण फिरोजदादा तिच्याशी बोलत होता, तेवढंच बरं वाटत होतं.

"विजेचे खांब, लांबचे. कावळे. भिंतीवरच्या जाहिराती. तुझी स्वतःची सावली. उभ्या गाड्या." तो थांबला. "आणि एक चेहरा."

"कुणाचा?"

"नाव नाही. यंत्रानं नुसता नंबर दिलाय, चेहरा पहिला. म्हणजे सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त बघितलेला. दहा महिने रोज तासन्‌तास समोर. आणि त्याच्याबद्दल एक शब्द कुणी बोललेलं नाही. वजन शून्य." फिरोजदादा हसला. "अगं, ही तर तुझी जोडीदारच असणार. स्वतःबद्दल कोण बोलणार? यंत्राला वाटलं, ही सांगण्याजोगी गोष्ट नाही. टाकली कावळ्यांत."

ईश्वरीनं टेबलाची कड धरली.

"दादा, हे दहा महिन्यांतलंच ना? त्यानंतर दिसलाय का तो चेहरा?"

कळफलकाच्या कळा वाजल्या. फिरोजदादाचं हसणं थांबलं होतं.

"सतरा वेळा," तो म्हणाला. "पहिली वेळ समारंभाच्या दिवशीची. सभागृहाच्या दारात, पाच मिनिटं. तुझ्यासमोर दोन हातांवर उभी. हातात खोका आहे, पेढ्यांचा वाटतोय. मग बऱ्याच वेळा घाटावर, शनिवारच्या शनिवारी. शेवटची महिन्यापूर्वी. तेव्हा अकरा मिनिटं होती."

"अकरा मिनिटं," ईश्वरी म्हणाली. "आणि मी तोंड फिरवलं. पण दादा, ती बोलली का नाही? एक हाक मारायची! मुकी होती का ती?"

फिरोजदादानं खुर्ची ओढली. "ते बर्गे सरांचं डोकं. समारंभाआधी डोळस पोरांना बसवून सांगितलं, आता तुम्ही आपण होऊन नाव सांगायचं नाही. यंत्र सांगेल. आधी हाक त्यांच्याकडून येऊ दे, कुणाशी बोलायचं हे त्यांना ठरवू दे, तो त्यांचा मान आहे. तसं वाईट नव्हतं ते. पण..."

पण समी समोर उभी राहून मानाची हाक यायची वाट बघत होती. तिला वाटत होतं, सांगातीनं हिच्या कानात सांगितलंय, 'समोर समीक्षा.' आणि ही ऐकूनही दगडासारखी बसलीय. सतरा वेळा! माणूस एकदा आलं आणि अपमान झाला तर फिरून तोंड दाखवत नाही. ही सतरा वेळा आली होती, आणि ईश्वरी सहा महिने म्हणत होती, गरज सरो नि वैद्य मरो. तिला हुंदका आवरेना. फिरोजदादानं पाण्याचा पेला तिच्या हाताला लावला.

"दोन मिनिटांचं काम आहे. चेहरा चालू करून देतो, नाव घालतो. यापुढं ती आली की सांगेल."

"नको," ईश्वरी म्हणाली. "राहू दे तसाच."

"अगं, मग ती समोर आली तरी कळायचं नाही तुला!"

"मी विचारीन ना. तोंड आहे मला."

तिनं चष्मा पिशवीत टाकला. केंद्राच्या कोपऱ्यात जुन्या पांढऱ्या काठ्या उभ्या होत्या, त्यातली एक घेतली आणि ती वडापच्या थांब्याकडं निघाली. सहा महिन्यांनी काठी हातात आली, मनगट विसरलं होतं. दोनदा ठेच लागली. पण एक गंमत झाली. काठी बघून एका बाईनं तिला विचारलं, "कुठं जायचंय बाळ? मी सुमन, इथं भाजी विकते." कुणीतरी नाव सांगितलेलं ऐकून ईश्वरीला रस्त्यातच पुन्हा रडू आलं.

हे फोनवर बोलण्यासारखं नव्हतं. समी वारुंजी गावची, एवढं तिला ठाऊक होतं. वडापवाल्यानं विचारलं, "कुणाकडं?"

"येडग्यांकडं."

"कुठल्या येडग्यांकडं? तीन आळ्या येडगे हाईत."

"समीक्षा येडगे. फार्मसीला होती."

"वडलांचं नाव? घर कसलं, कौलारू का स्लॅबचं? पोरगी दिसायला कशी, उंच का बुटकी?"

तिला भेळवाल्याच्या गाड्याचा रंग माहीत होता. अर्ध्या शेपटीचं कुत्रं माहीत होतं. समीला भाऊबहीण आहेत का, तिला काय आवडतं, ती कुठल्या वाटेनं घरी जाते, यातलं एक अक्षर माहीत नव्हतं. समी नियमामुळं बोलली नाही, ठीक. पण आपण विचारलं का कधी? दहा महिन्यांत एकदा? यंत्राला नावं ठेवण्यात अर्थ नव्हता. यंत्राच्या आधी तीच समीला गाळून बसली होती.

"हातात जाड कडं आहे," ती शेवटी म्हणाली. "आणि सारखी धनाडाळ खाते."

"धनाडाळवाली समी व्हय!" वडापवाला खुशीत ओरडला. "मग आधी सांगायचं न्हाई का! बसा, दारात सोडतो."

दारात त्यानं खरंच सोडलं. रिक्षा गेली. अंगणात कोंबड्यांची कलकल चालली होती आणि कुणीतरी दगडावर कपडे आपटत होतं. ईश्वरीनं काठीनं पायरी शोधली. कपडे आपटणं थांबलं. नळ बंद झाला.



पिशवीत सांगाती होता. तो घातला असता तरी 'समोर कुणी नाही' म्हणाला असता. ईश्वरीनं नाकानं श्वास घेतला. साबणाच्या वासामागं थोडासा भाजलेला, खारट वास होता. या वेळी तिनं नाकाचं ऐकलं.

"मी ईश्वरी," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणापुढं उभी राहून आपलं नाव आधी सांगत होती. "समी, तू आहेस का तिथं? मला माहीत नाही. खरंच माहीत नाही गं. यंत्र तुझं नाव घेत नाही. दहा महिने तू सगळं सांगितलंस, स्वतःला सोडून. त्यानं तुला कावळ्यांत टाकलं, सावलीत टाकलं. तू सतरा वेळा आलीस, मला एकदाही कळलं नाही. शपथ. मला वाटलं तू श्रेयांक घेतलेस आणि गेलीस. मी मूर्ख आहे, आंधळी आहे म्हणून नाही, अशीच मूर्ख आहे. फोनसुद्धा केला नाही. रागाव, पण एकदा बोल. नाहीतर मी या कोंबड्यांशीच बोलतेय असं होईल."

ईश्वरीनं हात पुढं केला, पाठ बाहेर करून, आणि तसाच धरून ठेवला. हात भरून आला. आता खाली घ्यावा, असं मनात आलं तोच ओल्या, साबण लागलेल्या हाताची पाठ तिच्या हाताच्या पाठीला लागली. कडं गार होतं.

"सतरा वेळा?" समी म्हणाली. "मोजल्यास तू?"

"यंत्रानं मोजल्या. आजची अठरावी. ही माझी."

समी रडत होती की हसत होती ते कळायला मार्ग नव्हता. "मेले, घाटावर किती वेळ उभी होते शेवटी. निरोप घ्यायला आले होते. आणि तू तोंड फिरवलंस. मला पुण्याला औषधाच्या कारखान्यात नोकरी लागलीय. सोमवारी निघतेय."

सोमवारी! सहा महिने वाया घालवून आता मैत्रीण हाताला लागली, तर ती पाहुणीच. तिनं समीचं कोपर घट्ट धरलं. माईकवर केलेलं भाषण तिला आठवलं आणि लाज वाटली.

"आज शुक्रवार," ती म्हणाली. "उद्याचा शनिवार आणि परवा आख्खा रविवार आहे आपल्याकडं. बस इथं पायरीवर. बोल."

"काय बोलू? समोर कोंबड्या आहेत, एक पांढरी..."

"कोंबड्या नकोत. तू कशी दिसतेस?"

समी बसली. खिशात हात घालून तिनं धनाडाळ काढली, थोडी ईश्वरीच्या तळहातावर ठेवली, थोडी स्वतः खाल्ली. दहा महिने जिच्या तोंडाला खंड नव्हता, काकांच्या टॉवेलापासून कुत्र्याच्या शेपटीपर्यंत जिला शब्द सुचत होते, ती पोरगी स्वतःपाशी येऊन पार अडली.

"मी... मी म्हणजे फार उंच नाही," ती चाचरत म्हणाली. "रंग सावळा. नाक जरा बसकं आहे."

"जरा?"

"गप गं." थोडा वेळ नुसतं कुरुमकुरुम ऐकू आलं. "बरंच बसकं आहे."

"बरं. पुढं?" ईश्वरी म्हणाली, आणि कोपर न सोडता ऐकत राहिली.